जुळ्यांपैकी एकच बाळ आधी घरी येणार असेल तेव्हा

प्रश्न असा आहे. सिंहगड रोडला राहणाऱ्या एका ताईंना तिसाव्या आठवड्यात जुळं झालं. मुलगा १,३५० ग्रॅम, मुलगी १,०८० ग्रॅम. आता पाच आठवडे झाले. मुलगा १,८२० ग्रॅमचा झालाय, ऑक्सिजन सुटलाय, थोडं अंगावर आणि बाकीचं वाटी-चमच्याने पितो. मुलगी १,४८० ग्रॅमची आहे, तिचं निम्मं दूध अजून नळीने चालू आहे. मुलाला येत्या आठवड्यात घरी नेता येईल, असं डॉक्टर म्हणतात. सासूबाई म्हणतात, दोघांना एकदमच आणू. आई म्हणते, दोघांना घेऊन बारामतीलाच ये. ताईंना विचारायचंय की थांबावं का, घरी काय तयारी करावी, आणि पुढे ही मुलं इतरांसारखी होतील ना.

मी पुण्यातच नवजात अतिदक्षता विभागात सिस्टर आहे. घरी जाणाऱ्या बाळांच्या घरच्यांना तयार करणं हे बरीच वर्षं माझं मुख्य काम आहे. तुमच्या बाळांची फाइल माझ्यासमोर नाही, त्यामुळे औषधाचा डोस आणि डिस्चार्जची तारीख यात तुमच्या डॉक्टरांचाच शब्द शेवटचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे: मुलगा तयार असेल तर त्याला घरी न्या, बहिणीसाठी थांबवू नका. बरं झालेलं बाळ रुग्णालयात जास्त दिवस ठेवलं की त्याला फायदा काही होत नाही, जंतुसंसर्गाचा धोका मात्र रोज राहतो. शिवाय जुळ्यांच्या घराला याचा एक मोठा उपयोग होतो. एकाच बाळावर हात बसतो, दूध पाजण्याची घडी बसते, आणि दुसरं येईल तेव्हा घर गांगरत नाही. दोन्ही बाळं एकाच दिवशी घरी आलेली कुटुंबं पहिल्या आठवड्यात जितकी थकलेली दिसतात, तितकी टप्प्याने आणलेली दिसत नाहीत.

पण ‘तयार’ म्हणजे नुसतं वजन नव्हे. घरातले सगळे वजनच विचारतात, कारण तो एकच आकडा सगळ्यांना कळतो. अनेक विभागांत १,८०० ग्रॅमच्या आसपास आणि ३४-३५ आठवडे भरल्यावर घरी सोडतात हे खरं. आम्ही मात्र त्याबरोबर बरंच काही पाहतो. ऊब देणाऱ्या पेटीबाहेर, साध्या कपड्यांत किंवा आईच्या छातीशी असताना काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस टिकतं का? सगळं दूध तोंडाने घेऊनही वजन सलग काही दिवस वाढतंय का? नळीने पाजलेल्या दुधाला बाळाला कष्ट पडत नाहीत. तोंडाने प्यायला लागलं की श्रम वाढतात आणि एखाद-दोन दिवस वजन अडतं, म्हणून हे तपासावंच लागतं. तिसरं म्हणजे श्वास. श्वास मध्येच थांबू नये म्हणून या बाळांना कॅफिन देतात. ते बंद केल्यावर अंगातून उतरायला बरेच दिवस लागतात, म्हणून शेवटच्या डोसनंतर साधारण पाच ते सात दिवस श्वास एकदाही न थांबता गेले पाहिजेत. ‘सगळं तर चांगलंय, मग सोडत का नाहीत?’ असं वाटतं ना, तेव्हा बहुधा हेच दिवस मोजले जात असतात.

बाळाइतकीच मी घराची तयारी पाहते, आणि जुळ्यांच्या बाबतीत माझा पहिला प्रश्न असतो: घरात हात किती? हिशोब करून बघा. दर तीन तासांनी दूध म्हणजे एका बाळाला दिवसाला ८ वेळा, दोघांना १६ वेळा. आधी अंगावर घ्यायचं, मग काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं, ढेकर काढायची, लंगोट बदलायचा. याला एका वेळी ४० मिनिटं धरली तर १० तास ४० मिनिटं होतात. दूध काढण्याचे २० मिनिटांप्रमाणे ८ वेळा धरले तर आणखी २ तास ४० मिनिटं. म्हणजे २४ पैकी १३ तासांहून जास्त वेळ यातच गेला. भांडी धुणं-उकळणं, औषधं, आईचं जेवण, अंघोळ आणि झोप यात धरलेलीच नाही. तिळं असेल तर नुसतं पाजण्याचेच १६ तास होतात. ही कामं एका बाईने करायची म्हटली तर तिची झोप जाते, झोपेपाठोपाठ दूध कमी होतं, आणि मग पावडरच्या दुधाचा डबा सुरू होतो. दूध आटण्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. आईच्या अंगात दूधच नाही, असं फार क्वचित असतं.

म्हणून डिस्चार्जच्या आधी एक कागद घ्या आणि रात्रीच्या पाळ्या लिहून काढा. रात्री १० ते २ कोण, २ ते ६ कोण. आईला सलग चार तास झोप मिळालीच पाहिजे, त्या वेळचं दूध काढून ठेवायचं. दोघं घरी आल्यावर एकाला जाग आली की दुसऱ्यालाही उठवून पाजा. दोघांची वेळ एक झाली नाही तर रात्र संपतच नाही. मदतीला बाई ठेवणार असाल तर माझं स्पष्ट मत आहे: पोळ्यांना बाई लावा, जेवणाचा डबा लावा, भांडी-लंगोट धुवायला माणूस ठेवा. बाळं मात्र घरच्यांच्याच हातात ठेवा. दहा घरं फिरून येणाऱ्या बाईच्या हाती १,८०० ग्रॅमचं बाळ तेल लावायला देऊ नका. आणि तुमच्या यजमानांनी अजून सगळी रजा संपवली नसेल तर उरलेली जपून ठेवा. बाळ अतिदक्षता विभागात असताना बाबांनी दिवसभर बाहेर बाकावर बसून रजा संपवलेली मी फार पाहिलीय. खरी गरज दुसरं बाळ घरी येतं त्या पंधरवड्यात असते. तुमच्या रजेचंही असंच. २०१७ पासून कायद्याने पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण तुमचे त्यातले पाच आठवडे आताच गेलेत. पुढचं बोलणं कार्यालयात आत्ताच सुरू करा.

एक घरी आणि एक रुग्णालयात, हा काळ आईला सगळ्यात जड जातो. इकडे बसलं की तिकडचं सुटल्यासारखं वाटतं. यावर मी सांगते ते असं: दिवसातून एकदाच जा, पण ठरलेल्या वेळी जा आणि सलग दोन-तीन तास मुलीला छातीशी घेऊन बसा. सिंहगड रोडच्या गर्दीत दोन-तीन फेऱ्या मारून दहा-दहा मिनिटं काचेतून बघण्यापेक्षा हे दोघींनाही लाभतं. संध्याकाळी बाबांनी बसावं. बाबाच्या छातीची ऊब बाळाला तितकीच मिळते. त्या वेळात मुलाजवळ आजी थांबतील, म्हणून वाटी-चमच्याने पाजायला आजींनीही शिकायला हवं, आणि ते घरी नव्हे, आमच्यासमोर, वॉर्डात. बाळ थोडं उभट धरायचं, चमचा खालच्या ओठाला टेकवायचा, त्याने जिभेने ओढून घ्यायची वाट पाहायची. घशात ओतायचं नाही. घरात जुनं चांदीचं बोंडलं असेल तर तेही चालतं, फक्त त्याची चोच आतून नीट घासून उकळलेली असू दे. बाटली नको.

मुलीचं दूध नेताना बाटलीवर तिचं नाव, तारीख आणि काढल्याची वेळ लिहा आणि बर्फाच्या पिशवीतून न्या. ताजं दूध खोलीत चार तास राहतं, पण पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये त्यावर विसंबू नका, लगेच फ्रिजमध्ये ठेवा आणि २४ तासांत वापरा. फ्रिजच्या दारात नको, आत मागच्या बाजूला. दूध टिकवायचं तर २४ तासांत किमान ८ वेळा छाती रिकामी झाली पाहिजे, त्यात रात्रीची एक वेळ हवीच. अळीव, डिंकाचे लाडू आवडीने खा, पण दूध वाढतं ते काढल्याने. कधी कमी पडलंच तर डब्याच्या दुधाआधी दुग्धपेढीचं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेलं दूध मिळेल का, ते विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, पुण्यात ससूनमध्येही ती सोय आहे.

घरात कुणाला साधी सर्दी असली तरी त्याने मुलाला घेऊ नये आणि मुलीला भेटायलाही येऊ नये. घर आणि विभाग यांच्यात आता तुमची रोज ये-जा असणार, म्हणून हे दुप्पट पाळायचं.

मुलगा घरी आल्यावर त्याची ऊब हे मोठं काम. कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून धरणं, घरीही चालू ठेवा. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा इथे पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून ती सुरू झाली. आज ती अपुऱ्या सोयीवरचा उपाय राहिलेली नाही. भारतासह पाच देशांत १ ते १.८ किलोच्या बाळांवर झालेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासूनच, बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता, कांगारू दिलेल्या बाळांत पहिल्या महिन्यातले मृत्यू चौथ्या हिश्शाने कमी दिसले. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ८ ते २४ तास सांगते. तुम्ही, बाबा, आजी, आत्या यांच्यात वाटून घेतलं तर आठ तास सहज होतात. मुलगी आली की दोघांना एकाच छातीवर, दोन बाजूंना, एकाच कापडात घेता येतं. विभागात असतानाच बांधायचं शिकून घ्या. ऊब पुरते का हे बघायला पोट आणि तळपाय चाचपा. दोन्ही कोमट असतील तर छान. पोट गरम आणि पाय गार असतील तर बाळ थंडीशी झगडतंय, लगेच छातीशी घ्या. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा दहाच्या आसपास जातो, तेव्हा रात्री दर वेळी पाजताना हे बघा. २.५ किलो होईपर्यंत टबातली अंघोळ नको, कोमट पाण्याने पुसून घ्या.

आता जुन्या रीतींबद्दल. मी याच मातीतली आहे आणि आज्यांचा अनुभव मला मोलाचा वाटतो. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काही गोष्टी खरोखर सोसत नाहीत. धुरी आणि शेगडी अजिबात नको. ज्या फुप्फुसांनी काही आठवडे यंत्रावर काढलेत त्यांना ओवा-उदाचा धूरही धूरच असतो. साडीची झोळी नको. झोळीत मान पुढे दुमडते आणि इतक्या मऊ श्वासनलिकेला तेवढं पुरतं. बाळांना पाठीवर, सपाट आणि टणक गादीवर निजवा, उशी आणि मऊ रजया नकोत. जुळ्यांना एकाच पाळण्यात शेजारी-शेजारी झोपवायचा मोह होतो, फोटोही गोड येतो, पण झोपताना दोघांना जागा वेगळी हवी. गुटी, मध, काजळ, कानात-नाकात तेल हे सगळं राहू द्या. बारसं पुढे ढकला. दोघं धड झाल्यावर केलेलं बारसं कमी थाटाचं होत नाही.

बारामतीचा विचारही आत्ता नको. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. एवढं लहान बाळ अडीच-तीन तास गाडीत अर्धवट बसल्यासारखं राहिलं तर मान झुकून श्वास अडू शकतो. आणि मुलगी पुण्यात असताना तुम्ही तिथे जाणार तरी कशा? तुमच्या आईलाच इकडे बोलवा. दोघांचं वजन नीट वाढायला लागलं, डोळ्यांच्या तपासण्या संपल्या की मग खुशाल माहेरी जा.

पाजण्याबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक आईला पुन्हा पुन्हा सांगते. दिवस भरलेलं बाळ भुकेने रडतं, अपुऱ्या दिवसांचं बाळ भुकेनेही झोपून राहतं. ‘शांत आहे, पोट भरलं असेल’ असं म्हणत पाच तास जाऊ देऊ नका. तीन तासांच्या वर थांबायचं नाही, उठवायचंच. एका वेळी अर्ध्या तासापेक्षा जास्त झगडू नका, कारण दमलेलं बाळ प्यायलेलं सगळं श्रमातच घालवतं. दिवसात ६-८ वेळा लघवी आणि रोज २०-३० ग्रॅम वाढ दिसली तर दूध पुरतंय. वजन घरच्या काट्यावर रोज करू नका, आठवड्याला एकदा दवाखान्यातल्या त्याच काट्यावर करा.

औषधांचा घोटाळा जुळ्यांच्या घरात हमखास होतो. ड जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम हे थेंब दोघांनाही असतील, पण लोह वजनावर ठरतं, म्हणून दोघांचं माप वेगळं निघतं. ड जीवनसत्त्वाचे थेंब वेगवेगळ्या ताकदीचे मिळतात, दुकानदाराने दुसरी कंपनी दिली तर आधी फोन करून मिलिलिटर विचारा. दोघांच्या बाटल्या, ड्रॉपर आणि वह्या वेगळ्या ठेवा, एकाच्या निळ्या झाकणाच्या, दुसरीच्या लाल. ज्याने औषध दिलं त्यानेच त्या क्षणी वहीत लिहायचं. नाहीतर आई सकाळी देते, आजी दुपारी देते, एकाला दोनदा जातं आणि दुसरी कोरडी राहते. दिसायला एकसारखी जुळी असतील तर रुग्णालयाचा पट्टा काढण्याआधी एकाच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाला नेलपॉलिश लावा. गळ्यात किंवा मनगटात दोरा नको.

पुढची लक्षणं दिसली तर वाट बघायची नाही. दूध ओढेनासं होणं, हलवूनही जाग न येणं, मिनिटाला ६० च्या वर श्वास किंवा छाती खोल जाणं, श्वास थांबणं, ओठ निळे पडणं, अंग गार पडणं किंवा ताप, हिरवी उलटी, फुगलेलं पोट, शौचात रक्त, झटके. रात्रीचे तीन वाजलेले असले तरी निघायचं, वाहन नसेल तर १०८. श्वास थांबला तर तळपायाला टिचक्या मारणं, पाठ चोळणं, आणि त्यानेही भागलं नाही तर काय करायचं, हे घरातल्या दोन मोठ्या माणसांनी डिस्चार्जच्या आधी आमच्याकडून हाताने करून शिकायचं. दोघांपैकी एक आजारी पडलं तर दुसऱ्यावर पुढचे काही दिवस तेवढीच नजर ठेवा. आणि मुलाच्या जांघेत फुगवटा दिसला तर दाखवा. या बाळांत हर्निया बराच होतो. तो फुगवटा टणक झाला आणि बाळ सारखं रडू लागलं तर त्याच वेळी या.

डोळ्यांची तारीख मात्र कुठल्याही कारणाने चुकवू नका. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोच्या आत जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या नीट वाढताहेत ना, हे पाहायला पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत होते. तुमच्या दोघांची झाली असेल, नसेल तर आजच विचारा. पडदा पूर्ण तयार होईपर्यंत ती दर एक-दोन आठवड्यांनी होत राहते. उपचाराची गरज निघाली तर तो दोन-तीन दिवसांत व्हावा लागतो, उशीर झाला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. बाहेरून डोळे अगदी छान दिसतात, त्यावर जाऊ नका. पुण्यात महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयासह काही ठिकाणी हे खास तपासतात. कानांची तपासणी बेरा पद्धतीने, म्हणजे आवाज मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणाऱ्या चाचणीने, करून घ्या, फक्त कानाची साधी चाचणी अतिदक्षतेतल्या बाळांना पुरत नाही. थायरॉइडची पहिली चाचणी चांगली आली असली तरी ती पुन्हा करायची का, हे विचारा. कमी दिवसांच्या बाळांत दोष उशिरा दिसू शकतो. लस जन्मतारखेनुसारच. सहा आठवड्यांची लस वजन कमी म्हणून लांबवू नका. दोघांचे सहा आठवडे येत्या आठवड्यातच भरतात.

आणि ताई, तुम्ही. सतत रडू येणं, बाळ झोपलेलं असतानाही झोप न लागणं, बाळाजवळ जावंसंच न वाटणं हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते सांगा. त्यावर उपचार आहेत, त्यात तुमचा दोष नाही. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

पुढे काय होईल, याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलंय. केईएम रुग्णालयाने १९८७ ते १९८९ मध्ये २ किलोच्या आत जन्मलेली मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत तपासत ठेवली. एकूणात त्यांची सरासरी बुद्धी सर्वसाधारण मर्यादेत निघाली, पण दिवस भरलेल्या मुलांपेक्षा थोडी मागे. वाचन, गणित, हात-डोळ्यांचा मेळ यात अडचणी जास्त दिसल्या. दिवसांनी कमी आणि दिवसांच्या मानाने वजनानेही कमी, अशी मुलं सगळ्यांत मागे होती. तीसुद्धा तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या सोयींत वाढलेली. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच की दोघांच्या वाढीची तपासणी चालणं-बोलणं आलं म्हणून सोडायची नाही, शाळेत जाईपर्यंत आणि नंतरही चालू ठेवायची. आत्ता मोजताना दोघांच्या वयातून दहा आठवडे वजा करा. दिवस भरलेलं बाळ दीड महिन्याचं झालं की ओळखीचं हसतं, तुमची साधारण चार महिन्यांची होऊन हसतील. मुलगा आधी हसला आणि मुलगी तीन आठवड्यांनी, तर तिला काही झालंय असं नाही. घरात तिची तुलना भावाशी सुरू होईल, ती तुम्हीच थांबवा.

घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत मुलाची पहिली भेट ठरवा. शक्यतो मुलीला भेटायला जायच्या वेळीच, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही कामं होतील. येताना दूध-लघवीची वही, थेंबांच्या बाटल्या आणि डोळ्यांचा कागद सोबत आणा, आणि ज्या आजी त्याला पाजतात त्यांनाही घेऊन या.